काळ्या दगडावरची जागा

पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना हमरस्ता सोडून आत वळलं की एक मोठा तलाव लागतो. त्याचं नाव मी सांगत नाही. आधीच रविवारी तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यात मी कशाला भर घालू? एका बाजूला मातीचा बांध, बांधाखाली भेळेच्या गाड्या, पाय मारून चालवायच्या हंसाच्या आकाराच्या होड्या, फोटो काढणारी नवी जोडपी. दुसऱ्या बाजूला, नाला येऊन मिळतो तिथं, आम्ही गळ टाकून बसणारे. मधे पाण्यावर लाल पिंपं तरंगत ठेवलेली आहेत. होडीवाल्यांनी पिंपांच्या अलीकडे यायचं नाही आणि आम्ही पलीकडे गळ फेकायचा नाही, असा नियम. पण हंसांना तो कोण सांगणार? गर्दीच्या दिवशी एखादा हंस थेट आमच्या दोरीवर येतो आणि आतून कोणीतरी विचारतं, "काका, मिळाला का मासा?"

मी असोद्याचा. पंधराव्या वर्षी केळीचे घड खांद्यावर वाहून ट्रकमध्ये भरायला लागलो. आज दोन ट्रक माझे स्वतःचे आहेत आणि केळी पिकवायची खोली आहे. यातलं काहीही मला कोणी सहज दिलेलं नाही. भांडून, उन्हात उभं राहून, समोरचा दमेपर्यंत बोलून मिळवलं. आठवड्याचे सहा दिवस मी फोनवर ओरडत असतो. सातव्या दिवशी पहाटे पिकअप काढतो आणि तलाव गाठतो. आमच्या घरात मासा शिजत नाही. बायको म्हणते, "खायचा नाही तर पकडता कशाला?" मासा मी तिथंच देऊन टाकतो. पण दोरी ताणली जाते ना, त्या वेळी माझ्या डोक्यातले सगळे फोन बंद होतात.

तलावातली मासेमारी तिथल्या मच्छीमारांच्या सोसायटीकडे आहे. जाळं फक्त त्यांनी टाकायचं. आमच्यासारख्या हौशी लोकांना वर्षाचा पास मिळतो. सोसायटीची एक छोटी खोली आहे, चुन्यानं रंगवलेली, आणि त्या खोलीत बसते अक्का. साठी ओलांडलेली, कपाळावर मोठं कुंकू, हातात कायम जाळ्याची सुई. पास तीच देते, भांडणं तीच मिटवते आणि खोलीबाहेरच्या पत्र्याच्या पाटीवरचे नियम तिला तोंडपाठ आहेत. माणशी दोनच गळ. बांधावरून मासेमारी नाही. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात. दोनपेक्षा जास्त मासे घरी न्यायचे नाहीत. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून तेवढे महिने सगळंच बंद. आणि बंदीच्या आधीच्या दिवसांत पोटात अंडी असलेली मादी लागली तर ती जिथं लागली तिथंच सोडायची, काठावर आणायचीसुद्धा नाही.

पाटीवर न लिहिलेला एक नियम मात्र सगळ्यांत मोठा आहे, आणि माझं भांडण त्याच्यावरूनच झालं.

नाल्याचं जुनं पात्र तलावात जिथं शिरतं, तिथं एक सपाट काळा दगड आहे. दगडाच्या पुढेच तळ एकदम खोल जातो. उन्हाळ्यात पाणी आटून हिरवं होतं, ऊन चढलं की मासा खोलात उतरतो, आणि तलावात खोल जागा राहते ती तेवढीच. बाकीच्यांनी चिखलात उभं राहून गळ लांब फेकायचा. दगडावरच्या माणसानं मांडी घालून तो नुसता खाली सोडायचा. त्या दगडावर बसायचा हक्क वर्षभर एकाच माणसाचा असतो. हंगामात ज्यानं सगळ्यात लांब मासा पकडला, त्याचा. मासा अक्काच्या खोलीच्या भिंतीला टेकवून धरायचा, तोंड खाली जमिनीला, शेपटी वर. जिथं शेपटीचं टोक येईल तिथं अक्का कोळशानं रेघ मारते आणि रेघेपुढे गावाचं नाव लिहिते. सगळ्यात वरची रेघ ज्याची, दगड त्याचा. पुढच्या हंगामात ती रेघ कोणी ओलांडली नाही, तर दगड पुन्हा त्याचाच.

गेली काही वर्षं सगळ्यात वर लिहिलेलं होतं, 'देवपूर'. त्याच्या एक बोट खाली, मागच्या वर्षापासून, 'असोदा'.

देवपूर म्हणजे सर. धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं मोजून मापून. दगडावर ते छत्री लावून बसतात आणि पेपर वाचतात. संपूर्ण पेपर. मी चाळीस पावलांवर चिखलात घोट्यापर्यंत रुतून उभा, आणि हे तिथं बसून अग्रलेख वाचताहेत, हे मी किती रविवार पाहिलं असेल! मासा लागलाच तर आधी पेपरची घडी घालतात, मग दोरी ओढतात. इतकी चांगली जागा अशी वाया जाताना बघणं माझ्यासारख्या माणसाला सोसत नाही.

आणि ते एक बोट!

मी सगळीकडे सांगत आलो की मला फसवलं. आता लिहायलाच बसलो आहे तर पूर्ण सांगतो. मागच्या वर्षी मला नाल्याच्या पलीकडच्या काठावर कटला मासा लागला. असा कटला की ओढताना माझ्या दंडाला गोळे आले. ओंडक्यासारखा. काठावर घेतला तेव्हाच मला कळलं, दगड माझा. खोलीपर्यंत न्यायला पिकअपमधला केळीचा क्रेट घेतला, त्यात मासा ठेवला, तर शेपटी बाहेर. आता केळीच्या धंद्यात घड भरताना दांड्याचं टोक लांब राहिलं तर ते शेजारच्या घडाला टोचतं आणि केळी काळी पडते. म्हणून ते कोयत्यानं छाटायचं. हे काम मी पंधराव्या वर्षापासून करतोय. कोयता गाडीतच होता. हातानं काम आधी केलं, डोक्याला मागून कळलं. शेपटीचं टोक छाटून मी मासा क्रेटमध्ये नीट बसवला, वरून ओलं पोतं टाकलं आणि ऐटीत खोलीवर आलो.

अक्कानं मासा भिंतीला टेकवला. वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, शेपटी कोठे गयी?"

"ती... तिकडे राहिली. पण होती ना, अक्का! एवढी होती." मी चार बोटं दाखवली.

"जे शे तेच मी मोजसू," अक्का म्हणाली आणि जिथं मासा संपत होता तिथं रेघ मारली. देवपूरच्या एक बोट खाली.

मी चिडलो. शेपटीशिवाय मासा जन्माला येतो का, असं विचारलं. जिथं शेपटी असायला हवी तिथं रेघ मारा म्हटलं. दहा-बारा माणसं गोळा झाली होती. तेवढ्यात सरांनी चष्मा पुसत पुसत विचारलं, "काय हो, शेतकऱ्याचा घड तोलताना तुम्ही दांड्याच्या वजनाची कटती लावता ना?"

"लावतो. सगळेच लावतात."

"मग तुमच्या माशाचा दांडा आम्ही का धरावा?"

सगळे असे हसले की बांधावरच्या भेळवाल्यानं मान वळवून पाहिलं. त्या दिवसापासून मला तलावावर 'बिनशेपटीचे भाऊ' म्हणायला लागले. पास दाखवायला गेलो तरी अक्का विचारायची, "बठ्ठा पास आना ना भाऊ? का अर्धा कापी टाका?" वर्षभर मी ते गिळलं. सरांशी बोलणं बंद केलं. नुसता रामराम, तोही दगडाकडे बघून.

यंदाचा हंगाम संपत आला तरी माझ्या हाती काही मोठं लागलं नव्हतं. बंदीच्या आधीचा शेवटचा रविवार उजाडला. त्या दिवशी रेघ ओलांडली नाही तर पुन्हा वर्षभर चिखल. मी आदल्या दिवशीच तयारी केली होती. शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन, आणि माझ्या पिकवायच्या खोलीतली अति पिकून काळी पडलेली केळी, जी बाजारात कोणी घेत नाही. हे सगळं एकत्र मळून मी गोळे केले. वास असा की पिकअपमध्ये बसवेना.

पहाटे वारा पडलेला होता. पाणी इतकं खाली गेलेलं की लाल पिंपांपैकी दोन चिखलात आडवी पडली होती. पण कटला सकाळी वर येतो, पृष्ठभागावर तोंड उघडून पाणी पितो, तशी वर्तुळं दगडाच्या पुढे उठत होती. दगडाच्या पुढेच! सर तिथं टोपी सारखी करत बसले होते, पेपर अजून उघडलेला नव्हता. मी शक्य तितका त्यांच्या बाजूला सरकलो. दुसऱ्याच्या जागेपासून तीस पावलं दूर राहायचं, हा नियम. मी मोजून तीस पावलांवर उभा राहिलो. सरांनी माझी पावलं मोजलेली मला दिसली.

"एकोणतीस," ते म्हणाले.

"माझं पाऊल मोठं आहे," मी म्हणालो. वर्षभरातलं ते आमचं पहिलं बोलणं.

पहिला गोळा बारक्या तिलापिया माशांनी टोचून खाल्ला. दुसरा पण. तिसऱ्या वेळी गोळा मोठा घेतला आणि फेकला, अगदी त्या वर्तुळांच्या कडेला. तरंगणारी पिसाची काडी जरा हलली, मग आडवी झाली, आणि मग नाहीशी झाली. मी झटका दिला. आणि समोरून कोणीतरी माझा हातच उपटून घ्यावा तसा खेचला.

पुढची पंधरा-वीस मिनिटं मला शब्दांत सांगता येणार नाहीत. मासा आधी खोलात गेला, मग नाल्याच्या पात्रातून सरळ पिंपांकडे निघाला. दोरी बोटांत कापत होती. मी चिखलात सरकत सरकत पाण्यात कमरेपर्यंत गेलो. मधेच तो वर आला आणि पाण्यावर एक पाठ दिसली, करडी, नांगराच्या फाळासारखी. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, पण सकाळी फिरायला आलेली एक बाई बांधावरून कानावर हात ठेवून निघून गेली, असं नंतर लोकांनी मला सांगितलं.

अखेर तो दमला. मी त्याला काठाजवळच्या उथळ पाण्यात आणला, दोन्ही हातांनी पोटाखाली धरला. आणि हसायलाच लागलो. असा मासा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. शेपटी पूर्ण होती. मी दोनदा बघितली.

मग बोटांना पोट लागलं. फुगलेलं, मऊ, घट्ट भरलेलं.

सर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले होते. "मादी आहे," ते म्हणाले.

"नाही! पोट भरलंय नुसतं. माझी पेंड खाल्लीय त्यानं. किलोभर खाल्लीय!"

"भाऊ."

"काय भाऊ? मला माशातलं कळत नाही का?"

सरांनी एका बोटानं पोट अगदी हलकेच दाबलं. चार-पाच दाणे बाहेर आले. मोहरीएवढे, पिवळसर, पाण्यात चमकले आणि खाली गेले.

अंडी असलेली मादी काठावर आणायची नाही. आणि भिंतीला मासा टेकवल्याशिवाय रेघ नाही. खोली तिथून तीनशे पावलांवर. मी दोन्ही नियम डोक्यात शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि मला असा राग आला की मी दातओठ खाल्ले. मी तिथूनच ओरडलो, "अक्का! ओ अक्का!"

अक्का खोलीच्या दारात आली. कपाळावर हात धरून बघितलं. "काय भाऊ, सकायमा कोनासंगे भांडी राह्यनात?"

"मासा लागलाय! अंड्यांचा आहे! इथं येऊन मोज!"

"मोजनं भीतवर व्हस!"

"मग भिंत आण इथं!"

"तिले पाय शेतस का?" अक्का ओरडली. "सोडा तिले पहिले! पाटी वाचा!"

मासा माझ्या हातात कल्ले उघडझाप करत होता. जोरात होता आधी, मग जरा हळू. मला माल किती वेळ टिकतो ते कळतं. हिच्याकडे फार वेळ नव्हता. काठावर बरूचं वाळलेलं एक लांब कांड पडलं होतं. मी सरांना म्हणालो, "ते उचला. मोजा इथंच. लवकर."

आता ज्या माणसाचा दगड जाणार, त्यालाच मी मोजायला सांगत होतो. दुसरं कोणी जवळ नव्हतं. सरांनी बरू उचललं, मीच डाव्या हातानं त्याचं एक टोक माशाच्या तोंडाशी धरलं, आणि शेपटीपाशी नखानं खूण करायला गेलो.

"थांबा," सर म्हणाले. "तिरकं धरलंय तुम्ही. तिरकं धरलं की लांबी वाढते. समांतर धरा."

"सर, ती मरेल!"

"म्हणून तर पहिल्यांदाच नीट धरा."

मी समांतर धरलं. लांबीतली माझी दोन बोटं गेली. त्या क्षणी त्यांना पाण्यात ढकलून द्यावं असं मला मनापासून वाटलं. सरांनी वाकून, चष्मा नाकावर खाली घेऊन, शेपटीच्या टोकाशी बरू कडकन मोडलं. मी गळ काढला आणि मासा तोंड पुढे करून पाण्यात धरला. तिनं दोन श्वास घेतले. मग शेपटीचा असा फटका मारला की आम्ही दोघं डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलो. सरांची टोपी पाण्यात. मी तोंडातला चिखल थुंकत होतो आणि ती नाल्याच्या पात्राकडे जाताना पाण्यावर एक लांब रेघ उठली.

"शेपटी चांगली आहे," सर म्हणाले.

मला हसू आलं. वर्षभराचा राग होता, तरी आलं. ते पण हसायला लागले. चिखलात माखलेली दोन म्हातारी माणसं एकमेकांचा दंड धरून हसताहेत, हे बघायला एक हंस पिंपांच्या अलीकडे येऊन थांबला. त्याला कोणी हटकलं नाही.

खोलीवर गेलो तर अक्का कंबरेवर हात ठेवून उभी. बाकीचे गळवालेही येऊन थांबलेले. मी बरू पुढे केलं. अक्कानं ते हातात घेतलंच नाही.

"मासा कोठे शे?"

"पाण्यात. तूच म्हणालीस सोडा म्हणून."

"मंग रेघ कसानी मारू? आज तुम्ही काडी आनी, उद्या बठ्ठा लोक काड्या ली येतीन. कोनी म्हनी मगर धरी व्हती, कोनी म्हनी हत्ती. मी भीतवर हत्ती काढू का?"

तिचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मी आणखी जोरात बोललो. म्हटलं, नियम पाळला म्हणून माझंच नुकसान? भिंत तीनशे पावलांवर असताना मी मासा सोडला. उद्या दुसरा कोणी अंड्यांची मादी पोत्यात घालून भिंतीपर्यंत आणेल, कारण सोडली तर दगड जातो हे त्यानं आज पाहिलं असेल. मग तुझ्या तलावात पुढच्या वर्षी मासे येणार कुठून? हे मी ओरडून सांगितलं, पण सांगता सांगता माझं मलाच पटलं. माझ्या बाबतीत असं क्वचित होतं.

अक्कानं सुई जाळ्यात खोचून ठेवली. "काडी कोनी मोडी?"

"मी," सर म्हणाले.

"तुम्ही?" अक्कानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बराबर मोडी?"

"यांनी आधी तिरकी धरली होती. मी सरळ धरायला लावली. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत." मग ते म्हणाले, "शेपटी होती. अख्खी."

लोक हसले. पण या वेळी माझ्यावर नाही.

अक्कानं बरू घेतलं, जमिनीला टेकवून भिंतीला उभं धरलं. देवपूरची रेघ गेली, आणि बरू वर अजून चार बोटं शिल्लक होतं. कोणीतरी शिट्टी मारली. अक्कानं बरूच्या टोकाशी अंगठा टेकवला. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "ज्याना दगड जाई राह्यना, तोच सांगी राह्यना. मंग आखो काय पाहिजे?" आणि कोळसा घेतला.

पण मी इतक्यावर सोडणारा नाही. मी म्हटलं, हे पाटीवर लिहा. अंड्यांची मादी पाण्यातच मोजायची, आणि साक्ष अशा माणसाची घ्यायची ज्याची रेघ खाली जाणार आहे. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच भांडण. अक्का म्हणाली, लिहा तुम्हीच, रंग आत आहे. पण मग हंगाम उघडेल त्या दिवशी सगळ्यांना केळी. दोन क्रेट. मी म्हटलं, एक. ती म्हणाली, दोन. मी म्हटलं, एक, पण वेलची केळी. ती म्हणाली, दोन, आणि वेलचीच. मी आयुष्यात मोठमोठ्या दलालांना घाम फोडलाय, पण जाळं विणता विणता सौदा करणाऱ्या बाईसमोर माझं काही चालेना. दोन क्रेट ठरले. मग मी पत्र्याच्या पाटीवर ब्रश घेऊन नियम लिहिला आणि सर माझ्यामागे उभं राहून माझं ऱ्हस्व-दीर्घ सुधारत राहिले. ओळ जरा खाली उतरत गेलीय, पण वाचता येते.

संध्याकाळी गळ गुंडाळले गेले, होड्या काठाला बांधल्या गेल्या आणि बंदी लागली.

पाऊस यंदा आमच्याकडे भरपूर झाला. केळीचं जे व्हायचं ते झालं, कपाशीचं जे व्हायचं ते झालं, मी फोनवर ओरडायचं ते ओरडलो. पण मनात एक गोष्ट रोज होती. हंगाम कधी उघडतो आणि मी दगडावर कधी बसतो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "घरात एवढे सोफे आहेत."

हंगाम उघडला त्या पहाटे मी दोन क्रेट वेलची केळी घेऊन पोहोचलो. तलाव काठोकाठ भरला होता. लाल पिंपं तरंगत लांब सरकलेली. नाल्याकडे चालत गेलो, तर दगड नाही. म्हणजे होता, पण पाण्याखाली. उन्हाळ्यातली जागा ती, दिवाळीनंतर पाणी उतरेल तेव्हा कुठे डोकं वर काढेल, हे मला इतक्या वर्षांत माहीत नसेल का? माहीत होतं. पण हक्काचा पहिला दिवस मी काठावर उभं राहून घालवणार नव्हतो. पिकअपमधून प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती.

सर काठावर कोरड्या जागी छत्री लावून बसले होते. मी विजार वर करून पाण्यात उतरलो.

"डावीकडे जरा," ते म्हणाले. "अजून. तिथं दगड उंच आहे. उजव्या बाजूला एक खाच आहे, पाय जाईल."

ते बरोबर होतं. पाणी गुडघ्यापर्यंत लागलं. मी खुर्ची ठेवली, हलवून पाहिली, बसलो. पाणी मांडीपर्यंत आलं. गार, मस्त. मी गोळा मळून गळ टाकला. पिंपांपलीकडून दोन हंसांमधली माणसं हात हलवायला लागली. मीही हलवला.

अक्का केळी खात काठावर आली. "भाऊ, येडा व्हयनात का? पानी उतरनं की बसा मंग!"

"मग माझं वर्ष आजपासून मोजणार की पाणी उतरल्यापासून?" मी विचारलं.

"आजपाईन."

"मग का उठू? पाणी उतरल्यापासून मोजत असलीस तर आत्ता उठतो."

अक्कानं सरांकडे पाहिलं. सर पेपर उघडत म्हणाले, "बघा, अक्का, यांना होकार दिलात तर पुढच्या वर्षी हे दुष्काळाचे दिवसही वेगळे मागतील."

"मागेन," मी म्हटलं. "का नाही मागणार?"

"आजपाईन!" अक्का म्हणाली आणि दुसरं केळं सोलायला लागली.

मी काही बोलणार होतो. चांगला मुद्दा होता माझ्याकडे. पण तेवढ्यात पाण्यावरची पिसाची काडी आडवी झाली.